आधी मिळकत पाहा, मग फॉर्म

गेल्या जुलैत दापोलीला सेवानिवृत्तांच्या एका बैठकीला गेले होते. बाहेर धो धो पाऊस, आत पंचवीस-तीस माणसं आणि विषय आयकर विवरणपत्राचा. कुणी शिक्षक, कुणी एसटीतले, कुणी पोस्टातले, दोघीतिघी माझ्यासारख्या बँकेतून निवृत्त झालेल्या. बोलणं सुरू झालं आणि पाच मिनिटांत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, सरकारनं इतके फॉर्म काढून सामान्य माणसाला मुद्दाम गुंत्यात टाकलंय, सगळ्यांना एकच फॉर्म करून टाका. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ज्याला कळत नाही त्यानं डोकं लावूच नये, चार पैसे टाकून कुणाकडून तरी भरून घ्यावं आणि सुटावं. दोन्हीकडून आवाज चढले. तासभर हे चाललं, पण त्या तासाभरात शेजारी बसलेल्याला कुणी एकानंही विचारलं नाही, की बाबा रे, तुझ्या घरात पैसा येतो कुठून कुठून?

खरा प्रश्न हा आहे. फॉर्म चार आहेत की सात, ही नंतरची गोष्ट. पन्नास लाखांची एक मर्यादा सोडली तर आपला फॉर्म मिळकतीच्या आकड्यावरून ठरत नाही, ती कुठल्या वाटेनं येते त्यावरून ठरतो. आणि त्या वाटा घरच्या माणसाइतक्या दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फॉर्म भरायला कुणीही भरो, तो कोणता हे घरात बसून, घरच्या माणसांनी ठरवलं पाहिजे. कोकणात तर जास्तच. कारण एका पगारावर चालणारं घर इथं शोधावं लागतं.

आपल्या किनाऱ्यावरचं कुठलंही बऱ्यापैकी घर डोळ्यांसमोर आणा. घरात एक पेन्शन. मागे नारळ-पोफळीची वाडी, डोंगराच्या अंगाला पन्नासेक आंब्याची कलमं. पडवीला लागून काढलेल्या दोन खोल्या आणि रस्त्याला पाटी: घरगुती जेवण व राहण्याची सोय. मुलगा कुवेतला नाहीतर जहाजावर. सून मोबाइलवरून थोडे शेअर घेते-विकते. आता या घरातला पेन्शनवाला माणूस आयटीआर-१ हा विवरणपत्राचा फॉर्म भरतो, कारण त्या फॉर्मचं नावच ‘सहज’ आहे. तो फॉर्म मुळात कुणासाठी? भारतात राहणाऱ्या, पन्नास लाखांच्या आतल्या, पगार किंवा पेन्शन, घर आणि व्याज एवढ्यावर ज्याचं भागतं त्याच्यासाठी. शेतीचं उत्पन्न असेल तर ते वर्षाला ५,००० रुपयांच्या आत हवं. ते त्यावर गेलं, शेअर अल्प मुदतीत विकून नफा झाला किंवा माणूस अनिवासी असला, तर आयटीआर-२. धंदा-व्यवसाय आला की आयटीआर-३. धंदा छोटा असेल आणि वह्या न ठेवता उलाढालीच्या ठराविक टक्क्यांनी नफा दाखवायचा असेल, तर आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’. त्यालाही शेतीची तीच ५,००० ची अट. सहज आणि सुगम ही नावं ठेवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्या नावांनी नुकसान केलं आहे. माणूस आपल्या मिळकतीला कोणता फॉर्म बसतो ते पाहत नाही, सोपा कोणता ते पाहतो आणि मिळकत त्यात कोंबतो. न मावणारा भाग बाहेर राहतो. कोकणात बाहेर राहते ती बहुतेक वेळा वाडी.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य करते, कारण ती मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही. ५,००० रुपयांची ही मर्यादा कोकणातल्या माणसावर अन्याय करणारी आहे. फेब्रुवारीत वाशीच्या बाजारात चांगल्या हापूसच्या एका पेटीलाच कधीकधी तेवढे पैसे मिळतात. ५,००० मोजायचे ते खर्च वजा जाऊन हे खरं. फवारणी, राखण, मजुरी, पेटी, गवत, गाडीभाडं, अडत, हमाली हे सगळं वजा करूनच शेतीचं उत्पन्न धरायचं असतं. तरीसुद्धा पंचवीस कलमं आणि शंभर पोफळी असलेला माणूस साधारण वर्षातही ती रेघ ओलांडतो. म्हणजे ज्याचं बाकी सगळं उत्पन्न पेन्शन आणि बँकेचं व्याज इतकं सरळ आहे, तो केवळ परसातल्या झाडांमुळे सोप्या फॉर्मातून बाहेर फेकला जातो.

आणि हे इथंच थांबत नाही. त्याच माणसानं दोन खोल्या पर्यटकांना दिल्या, जेवणखाण दिलं, तर तो झाला धंदा. एरवी त्याला सुगम चाललं असतं. कलम ४४एडी प्रमाणे रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या पैशावर ६ टक्के नफा दाखवायचा, वह्यांची कटकट नाही. पण वाडीचं उत्पन्न ५,००० वर गेलेलं असतं, त्यामुळे सुगम बंद. सहज तर धंद्यामुळे आधीच बंद. उरतो आयटीआर-३, चौघांतला सर्वांत लांबलचक, मोठे व्यापारी आणि भागीदारीतले लोक भरतात तो. मुरुड-कर्द्याला दोन खोल्या चालवणारी बाई आणि मुंबईतला घाऊक व्यापारी यांच्यापुढे एकच फॉर्म यावा, हे कुठल्या न्यायात बसतं? त्या फॉर्मातही ४४एडी चा नफा दाखवता येतो, ताळेबंदाचे सगळे रकाने भरावे लागत नाहीत, पण तिथवर पोचेपर्यंत माणसाचा धीर सुटतो. बैठकीत ‘सरकारनं गुंता केलाय’ म्हणणाऱ्यांचा राग इथून येतो आणि तो खोटा नाही.

मग मी त्यांच्या बाजूची का नाही? त्या रागातून ते ज्या निष्कर्षाला येतात तो चुकीचा आहे म्हणून. ते म्हणतात, शेतीवर कर नाही, वाडी दाखवली काय न दाखवली काय, कर तेवढाच. मग मोठा फॉर्म भरायचा कशासाठी? हा त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. तो नीट तपासू.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे ही गोष्ट फार जुनी. १८६० साली जेम्स विल्सननं या देशात आयकर आणला आणि १८८६ च्या कायद्यानं शेतीचं उत्पन्न त्यातून वगळलं. पण वगळलं म्हणजे ते कुणी विचारूच नये असं झालं नाही. के. एन. राज यांच्या समितीनं १९७२ मध्ये शिफारस केली आणि १९७३ पासून एक वेगळा हिशेब आला: शेतीवर कर नाही, पण बाकीच्या उत्पन्नाला कोणता दर लागेल हे ठरवताना शेतीचं उत्पन्न त्यात मिळवून पाहायचं. लोक घाबरतात ते याला. तर घाबरण्यासारखं त्यात किती आहे? आर्थिक वर्ष २०२५-२६ चा हिशेब घ्या, नवी करप्रणाली. करपात्र पेन्शन ९ लाख आणि वाडीचं निव्वळ उत्पन्न ३ लाख धरा, म्हणजे आपल्याकडे चांगलंच मोठं. दोन्ही मिळून १२ लाख, त्यावर कर ६०,०००. त्यातून शेतीचे ३ लाख अधिक करमाफीचे ४ लाख, अशा ७ लाखांवरचा कर १५,००० वजा करायचा. राहिले ४५,०००. पण एकूण उत्पन्न मोजताना शेती धरत नाहीत. ते ९ लाख, म्हणजे १२ लाखांच्या आत, म्हणून कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य. वाडी न दाखवता काय झालं असतं? तेव्हाही शून्य. ज्या भीतीपोटी आपली माणसं वर्षानुवर्षं वाडी लपवतात, ती भीती त्यांच्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत खोटी आहे. ज्यांची पेन्शन मोठी, त्यांचा कर थोडा वाढेल. तो त्यांनी भरावा.

‘कर तेवढाच’ हे इथवर खरं ठरलं. पण विवरणपत्रात फक्त कर लिहिला जात नाही, तोटाही लिहिला जातो. हे मी घरातल्या अनुभवावरून सांगते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली, सगळ्या पट्ट्यात वाड्या झोपल्या. आमच्या सासऱ्यांची वाडी सकाळी होती आणि संध्याकाळी नव्हती; माड आडवे, पोफळी मधोमध मोडलेल्या, विहिरीवर फणस पडलेला. पुढचं वर्षभर नुसता खर्च. सासरे जुने मास्तर, त्यांनी दोनशे पानी वहीत एकेक ओळ लिहून ठेवली आहे: पोफळी तोडणे, चार गडी, तीन दिवस. माड हलवणे, जेसीबी, पाच तास. विहीर उपसणे. पुन्हा पोफळी तोडणे, सहा गडी. वहीच्या शेवटच्या पानांत अडत्याच्या दोन पट्ट्या टोचून ठेवलेल्या, त्या वर्षी विकल्या गेलेल्या मालाच्या, दोनच. त्यांचं विवरणपत्र तालुक्याला एक जण भरून देत असे. त्यानं नेहमीप्रमाणे पेन्शनचा कागद मागितला, बँकेचं व्याज पाहिलं आणि सहज भरून टाकला. वाडीचं त्यानं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

आयटीआर-२ मध्ये करमुक्त उत्पन्नाचा जो तक्ता आहे त्यात शेतीची एकूण आवक, त्यावरचा खर्च आणि मागच्या आठ वर्षांचा न फिटलेला शेतीतोटा असे वेगवेगळे रकाने आहेत. सहजमध्ये शेतीसाठी एका आकड्यापुरती जागा, तोटा लिहायला जागाच नाही. सासऱ्यांचा तो तोटा कुठं नोंदलाच गेला नाही. चार वर्षांनी कलमं पुन्हा धरली, चांगला हंगाम झाला, तेव्हा मी प्रथमच त्यांचे कागद नीट पाहिले. जुना तोटा वजा झाला असता तर त्या वर्षीचं वाडीचं निव्वळ उत्पन्न निम्म्यावर आलं असतं. वही आमच्याजवळ आहे, पट्ट्या आहेत, जेसीबीवाल्याच्या पावत्या आहेत. विवरणपत्रात मात्र त्या वर्षी आमच्याकडे वाडीच नव्हती. वादळानं नेली ती एकदा, कागदावर ती आम्हीच ठेवली नाही.

इथं एक शंका येईल, की शेती म्हणजे काय हे तरी सामान्य माणसाला कळतं का? सगळं नाही कळत. पण आपल्या किनाऱ्यावर जे चालतं त्यापुरतं कळून घेता येतं, आणि ते फॉर्मच्या नावांपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. कायद्यात शेतीउत्पन्नाची नाळ जमिनीशी आहे. जमीन, तिच्यावर केलेली मशागत आणि तो माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी नेहमी जे करतो ते. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये राजा बिनय कुमार सहास रॉय यांच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे की जमिनीवर मूळची मेहनत, म्हणजे नांगरट, पेरणी, लावणी, असायला हवी. रानात आपसूक वाढलेल्या झाडांचं उत्पन्न शेतीत येत नाही. तेव्हा कलमाचा आंबा शेती. पण कातळावरच्या आपोआप वाढलेल्या रानातली लाकडं तोडून विकली आणि तीही शेतीत घातली, तर तो हिशेब टिकणार नाही. सुपारी वाळवून सोलून विकणं शेतीतच. काजूची बी विकली तर शेती; तीच बी कारखान्यात भाजून, सोलून काजूगर डब्यात भरले की पुढचा भाग धंदा, आणि आपल्याच बागेतली बी वापरली असेल तर तिची बाजारभावाची किंमत धंद्याच्या हिशेबात खर्च म्हणून वजा होते. आंब्याचा रस डब्यात भरणारा, कोकमाचं सरबत बाटलीत भरणारा, यांचंही तसंच. बाग कराराने दिली तर मालकाला मिळणारी रक्कम जमिनीच्या उत्पन्नात येते. पण झाडावरचा तयार आंबा नुसता विकत घेऊन बाजारात नेणाऱ्याला मशागतीचं नाव सांगून शेतकरी होता येत नाही. आणि अडत घेणारा, मग तो वाशीला पेट्या विको की हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव पुकारो, त्याची मिळकत दलालीची. दलालीला ४४एडी चालत नाही, म्हणून तिथं सुगमही चालत नाही.

मासळीचं तर स्वतंत्र सांगायला हवं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा दिला. मच्छीमारांची ती फार जुनी मागणी होती आणि ती पुरी झाली याचा मला आनंदच आहे. पण त्यानंतर किनाऱ्यावर एक समज पसरला, की आता मासळीचं उत्पन्नही शेतीसारखं करमुक्त. असं झालेलं नाही. राज्याचा दर्जा वीज, कर्ज, विमा, सवलती यांच्यासाठी. आयकर केंद्राचा आणि त्याची शेतीची व्याख्या जमिनीची. समुद्रातून आणलेला पापलेट त्या व्याख्येत बसत नाही. ज्या बोटवाल्यानं या समजापोटी आपली कमाई शेतीच्या रकान्यात टाकली, त्यानं नुसता फॉर्म चुकवला नाही, कर चुकवल्याचा ठपका ओढवून घेतला. त्याला सुगम भरून सरळ मार्गानं जाता आलं असतं. फॉर्म कोणता, असं नुसतं विचारत बसलं तर हे कळायचं नाही.

खेड, चिपळूण, दापोली, मंडणगडच्या कितीतरी घरांतला मुलगा आखातात आहे. त्याचं इथं बँकेत थोडं व्याज येतं, त्यातून आधीच कर (टीडीएस) कापला जातो, तो परत मिळवायला गावातला कुणीतरी त्याच्या नावानं सहज भरतो. सहज फक्त निवासी माणसासाठी आहे. नोकरीसाठी परदेशी गेलेला जो भारतीय वर्षात १८२ दिवस भारतात राहत नाही तो बहुतेक वेळा अनिवासी ठरतो आणि त्याला आयटीआर-२ भरावा लागतो, व्याज दोन हजार असलं तरी. लोक म्हणतात, दोन हजारांसाठी केवढा हा सोपस्कार! पण सहज भरताना त्या मुलानं काय कबूल केलं ते पाहा. मी भारतात निवासी आहे, असं सरकारला लिहून दिलं. निवासी माणसाचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र असतं. म्हणजे कुवेतचा पगार, जो त्याला इथं दाखवायची गरजच नव्हती, तो लपवल्यासारखं त्याच्याच कागदावर दिसतं. दोन हजारांचा परतावा आणायला गेलेल्या मुलाच्या नावावर आपण काय लिहून ठेवतो आहोत, हे त्याच्या आईबापांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता ‘एकच फॉर्म करा’ या मागणीकडे येते. ही मागणी नवी नाही आणि सरकारनं ती कधी ऐकलीच नाही असंही नाही. गेल्या शतकाच्या अखेरीला ‘सरल’ नावाचा एका पानाचा फॉर्म होता, माझ्या पिढीला तो आठवत असेल. पान एकच, पण मागे हिशेबाचे कागद जोडायचे ते जोडायचेच. २००७ पासून कागद जोडणं गेलं आणि आयटीआरचे क्रमांक आले. २०१५ मध्ये चौदा पानांचा फॉर्म आला, त्यात परदेशवारीची माहितीसुद्धा विचारली होती. ओरड झाली, तो मागे घेतला गेला आणि मुख्य फॉर्म तीन पानांवर आला. २०२० च्या जानेवारीत घराचे सहमालक असलेल्यांना सहज आणि सुगममधून बाहेर काढलं. कोकणात सामायिक घर नाही असं कुटुंब विरळा. ती अट टिकली असती तर निम्मा कोकण बाहेर पडला असता. त्यावर बोंब झाली आणि आठवड्याभरात ती अट गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर बहुतेक सगळ्यांना मिळून एक सामायिक फॉर्म असावा असा मसुदाच केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं लोकांसमोर ठेवला होता. त्या मसुद्यात काय होतं? आधी प्रश्न: धंदा आहे का, परदेशात काही आहे का, शेअर विकले का. उत्तर ‘हो’ आलं की तो तक्ता उघडायचा. म्हणजे आज जे प्रश्न फॉर्म निवडताना स्वतःला विचारायचे, तेच फॉर्मच्या आत गेल्यावर विचारले जाणार. वाडीचा प्रश्न तिथंही येणार. ज्यानं वाडीला ‘नाही’ म्हणायची सवय लावून घेतली आहे, तो एकाच फॉर्मातही ‘नाही’च म्हणेल. आजसुद्धा पोर्टलवर कोणता फॉर्म भरावा हे ठरवायला मदत करणारे प्रश्न आहेत; ते किती जण शेवटपर्यंत वाचतात?

इतिहासातून एक गोष्ट मात्र निघते. २०१५ काय किंवा २०२० काय, लोकांनी नेमकं बोट ठेवलं तेव्हा फॉर्म बदलला. शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याचंही तसंच झालं. पूर्वी शंभर रुपयांचा असा नफा असला तरी आयटीआर-२ लागे. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून, म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या मिळकतीपासून, कलम ११२ए खालचा सव्वा लाखापर्यंतचा नफा सहजमध्ये दाखवता येतो, पुढे ओढायचा तोटा नसला म्हणजे झालं. शेअरवाल्यासाठी १,२५,००० आणि वाडीवाल्यासाठी ५,०००! ‘सगळे फॉर्म एक करा’ या ढोबळ ओरडीपेक्षा आपल्या संघटनांनी हा एक आकडा धरून बसावं. शेतीची मर्यादा वाढवा, आणि दोन-चार खोल्यांचा घरगुती धंदा व लहान वाडी दोन्ही असलेल्याला सुगम भरू द्या. ही मागणी कुणालाही पटेल. पण आपण वाड्या दाखवतच नसू तर ती करायची कुठल्या तोंडानं? कागदावर कोकणातल्या पेन्शनरांकडे वाड्याच नाहीत, तर त्यांच्यासाठी मर्यादा वाढवा असं सरकारला का वाटावं?

‘दुसऱ्याकडून भरून घ्या’ म्हणणाऱ्यांचं मला निम्मं पटतं. भागीदारी आहे, जमीन विकली आहे, वायद्यांच्या सौद्यात पैसे अडकले आहेत, तिथं जाणकाराशिवाय गत नाही. चांगला सीए खोदून खोदून विचारतो, त्याची फी द्यावी आणि आनंदानं द्यावी. पण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात रांग असते आणि माणशी दहा मिनिटं मिळतात. समोरच्याला दिसतं काय? पॅन, पेन्शनचा कागद आणि एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडे आलेल्या आपल्या व्यवहारांचा गोषवारा. एआयएसमध्ये बँकेचं व्याज आहे, शेअरची विक्री आहे. वाशीहून आलेली पट्टी तिथं दिसत नाही. पडवीतल्या खोल्यांचे गूगल पेवर आलेले पैसे धंद्याचे की भावानं पाठवलेले, हे तिथं कळत नाही. फॉर्म चुकला तर कलम १३९(९) खाली विवरणपत्र सदोष असल्याची सूचना येते ती ईमेलवर, आणि तो ईमेल कित्येकदा भरून देणाऱ्याचाच असतो. दुरुस्तीला पंधरा दिवस. ते गेले आणि वाढवून मागितले नाहीत तर विवरणपत्र अवैध, भरलंच नाही असं धरतात. मग वर विलंबशुल्क. माणूस तिकडे वाडीत शिंपणं करत असतो आणि त्याला वाटत असतं, आपलं काम झालं.

आपला हिशेब दुसऱ्याच्या वहीत असणं म्हणजे काय, हे कोकणाला नव्यानं सांगायला नको. खोताच्या काळात कसणारा एक आणि हिशेब ठेवणारा दुसरा होता. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नाहीशी करणारं विधेयक मांडलं, आणि १९४९ च्या कायद्यानं ती अखेर गेली. ती पिळवणूक आणि आजची विवरणपत्रं यांची बरोबरी करणं त्या माणसांचा अपमान होईल, तसं मी करत नाही. एवढंच म्हणते, की कसणाऱ्याचं नाव कागदावर यावं म्हणून ज्यांच्या आज्यापणज्यांनी उपास काढले, त्यांनी आपल्या वाडीचं नाव स्वतःच्या हातानं कागदावरून पुसून टाकू नये.

आणि कागद उपयोगी पडतो तो कराच्या पलीकडे. खोल्या वाढवायला कर्ज मागायला माणूस बँकेत येतो तेव्हा मी समोरच्या खुर्चीत बसलेली आहे. तो सांगतो, मे महिन्यात खोल्या रिकाम्या नसतात. आम्ही विचारायचो, विवरणपत्र? त्यात नुसती पेन्शन. मग कर्ज पेन्शनवर जेवढं बसेल तेवढंच. महामार्गावरच्या अपघातात कमावता माणूस गेला तर भरपाईच्या दाव्यात त्याची कमाई किती हे पाहताना न्यायाधिकरण विवरणपत्राला मोठं वजन देतं. घरच्यांनी तिथं कितीही सांगितलं की टुरिस्ट गाडीवर महिन्याला एवढे मिळत होते, तरी कागद काय बोलतो ते पाहिलं जातं.

बैठक संपल्यावर पोस्टातून निवृत्त झालेले एक काका थांबले. म्हणाले, “ताई, तुमचं सगळं ऐकलं. माझी पेन्शन, वाडी आणि दोन खोल्या. म्हणजे माझा तीन नंबर.” मी म्हटलं, घरी येते, कागद काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसलो. पागोळ्या लागलेल्या, काकांनी धान्याच्या पिशवीतून पट्ट्या ओतल्या. सुपारीच्या, आंब्याच्या, एक तर खालच्या आळीतल्या चुलत्याची त्यात मिसळलेली. आवक एकीकडे, खर्च एकीकडे, असा वाडीचा आकडा काढला. लाखाच्या थोडा आत आला. मग खोल्यांकडे वळलो. किती दिवस भरल्या होत्या, असं मी काकांना विचारलं आणि ते स्वयंपाकघराकडे पाहायला लागले.

काकू हात पुसत बाहेर आल्या. खोल्यांचं सगळं त्याच बघत होत्या. पलंग-गाद्यांसाठी बचत गटातून कर्ज काढलं ते त्यांच्या नावावर, हप्ते त्यांनीच फेडलेले, स्वयंपाक त्यांचा, पैसे येतात ते त्यांच्या खात्यावर. काकांना यातला एक रुपया ठाऊक नव्हता. म्हणजे धंदा काकांचा नव्हताच. त्यांना आयटीआर-२ पुरत होता. मी तसं सांगितलं तेव्हा काकूंनी विचारलं, “मग माझं वेगळं भरता येईल?” उलाढाल पाहता त्यांना भरणं सक्तीचं नव्हतं, तेही सांगितलं. पण तिसरी खोली काढायची आहे, कर्ज लागेल, म्हणाल्या. वाडी काकांच्या नावावर, त्यांच्या स्वतःच्या नावावर शेती नाही, म्हणून त्यांना सुगम चालत होता.

त्या आत गेल्या आणि एक लांबट वही घेऊन आल्या. तारीख, माणसं किती, रात्री किती, जेवणं किती, मासळीचं ताट वेगळं, मोदक सांगितले असतील तर तेही. रोख कुठलं आणि मोबाइलवर आलेलं कुठलं, ते दोन रंगांच्या पेनांनी.